वारा लागतो अशी तक्रार

१४ नोव्हेंबर

आज बँकवाल्याच्या गाडीखाली अर्धा दिवस पाठीवर पडून काढला. तक्रार अशी होती की चढावर मागून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज येतो. मागचा आस सोडला, दातेरी चाकं पुसून पाहिली, वंगण बदललं. यंत्र ठणठणीत. शेवटी आसनाखालचा कप्पा उघडला, तर आत दारूची रिकामी बाटली. चढ लागला की ती गडगडत मागे जाऊन पत्र्यावर घासायची. बाटलीशेजारी सफरचंदांचे उष्टे गाभे, त्यांवर बोटभर बुरशी, आणि कुत्र्याने ओकलेलं काहीतरी वाळून कप्प्याला चिकटलेलं. हे सगळं घेऊन हा माणूस रोज रेशमी गादीवर बसून बँकेत जातो आणि कण्हतंय कोण म्हणून आम्हाला चिठ्ठी पाठवतो.

कारखान्यात माझ्या कामाला 'तक्रार निवारण' असं गोंडस नाव आहे. शहरातली सगळ्यात महाग गाडी आम्ही बनवतो, आणि ती घेणाऱ्यांची उष्टी मी काढतो.

एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. चाचणी घेणाऱ्याने पुढे, ड्रायव्हरशेजारी बसायचं. मागच्या गाद्यांना तेलकट कपडे लागता कामा नयेत. नियम त्यांनी गाद्यांसाठी केला. मी तो माझ्यासाठी पाळतो. त्यांनी पाय धरले तरी त्या गादीला मी पाठ लावणार नाही.

इतक्या तक्रारी पाहून एक गोष्ट कळली आहे. यंत्र खोटं बोलत नाही. तक्रारीचं मूळ शोधत गेलं की शेवटी माणूस सापडतो: त्याचा आळस, त्याची हाव, नाहीतर त्याचं पोट. रविवारी कामगारांच्या सभागृहात याच विषयावर बोलणार आहे.

१९ नोव्हेंबर

गिरणीमालकाच्या बंगल्यावर. तक्रार त्याच्या आईची: गाडीत वारा लागतो.

माझी धाकटी बहीण याच म्हातारीच्या सोबतीला असते. नवरा गेल्यावर ती माझ्या दोन खोल्यांत आली, पण तिथे माझ्या पुस्तकांनी तिला पाय पसरायला जागा ठेवली नव्हती. ही गाडी पोचवायला गेलो तेव्हा कळलं की म्हातारीला वर्तमानपत्र वाचून दाखवणारं कुणी हवंय. मीच धाकटीचं नाव सुचवलं. चार भाषांतली पुस्तकं वाचलेली बहीण एका गिरणीवाल्याच्या आईची शाल सावरते, हे बघून अजून अंगावर शिसारी येते. ती मात्र मजेत असते. तिच्या मजेचाही मला राग येतो.

गाडी आमच्या नेहमीच्या घडणीची. पुढे ड्रायव्हर उघड्यावर, डोक्यावर फक्त छत. मागे काचांची बंद खोली. तिच्या जमिनीत पितळी जाळी आणि जाळीखाली लोखंडी पेटी. इंजिनाचा तापलेला धूर नळीने या पेटीत येतो, आत फिरतो आणि मागून बाहेर पडतो. धुराने पेटी तापते, पेटीने बाईसाहेबांचे पाय शेकतात. म्हातारी मोठ्या गादीवर बसते, धाकटी तिच्यासमोर, जाळीला लागून, घडीच्या ठेंगण्या स्टुलावर.

"तळवे भाजतात आणि घोटे गोठतात," म्हातारी म्हणाली. "दारातून, फळ्यांतून, सगळीकडून वारा. तुमच्या कारखान्यात गाडी बनवतात की चाळणी?"

धाकटी फिस्सकन हसली. मी म्हणालो, "आईसाहेब, वारा म्हणजे काय ते तुमच्या ड्रायव्हरला विचारा. तो उघड्यावर बसतो."

या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो शेजारच्याशीही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलतो. "मला कशाला मध्ये ओढता भाषणराव?" तो ओरडला. "तुमचं तुम्ही बघा!"

"अगं बाई, त्याला चांगला कोट नाही का?" म्हातारी धाकटीकडे वळली. "उद्याच्या उद्या माप घ्यायला सांग."

झाली दानशूर. एक कोट फेकला की हिशेब चुकता.

२३ नोव्हेंबर

जमलं. लोकर दाबून केलेला जाड नमदा आणवला आणि त्याच्या पट्ट्या दारांच्या कडांना, काचांच्या खाचांत, फळ्यांच्या सांध्यांत ठोकून बसवल्या. मग धाकटीला पेटती मेणबत्ती देऊन आत बसवलं, दारं लावली, आणि भोंग्याला अंगणात गोल गोल गाडी फिरवायला सांगितली. मी पायरीवर उभा राहून काचेतून बघत होतो. बाहेर माझी टोपी उडाली, पण आत ज्योत शिपायासारखी ताठ. धाकटी काचेपलीकडून काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसले, शब्द एकही आला नाही.

उतरल्यावर म्हणाली, "दादा, आत स्वतःचा श्वास ऐकू येतो."

"मग ऐक थोडे दिवस. नाहीतरी तिथे ऐकण्यासारखं दुसरं काय आहे?"

"तू नसतोस ना, म्हणून शांत असतं," ती म्हणाली. भोंगा पोट धरून हसला.

कारखान्याचे मुख्य साहेब बघायला आले होते. त्यांच्या विजारीची घडी इंजिनाच्या तेलातही मोडत नाही म्हणून आम्ही त्यांना इस्त्री म्हणतो. त्यांनी दाराच्या कडेवरून रुमाल फिरवला. तो हलला नाही. म्हणाले, "सगळ्या बंद गाड्यांना हेच करा. हिवाळ्याच्या आत."

२९ नोव्हेंबर

नमद्याचं काम जोरात. कारखान्यातले लोक मला 'नमदेवाले' म्हणायला लागलेत. खोटं कशाला लिहू, आवडलं. मालक लोकांचे पाय उबदार केल्याबद्दल आपल्याला बरं वाटावं याची थोडी किळसही आली. पण काम चोख झालंय. काम चोख असणं हा गुन्हा नव्हे.

५ डिसेंबर

धाकटीची सुट्टी. ती आली ती थेट माझ्या खाटेवर आडवी झाली. गाल लालबुंद. मी म्हणालो, "अंगाला खाणं लागलेलं दिसतंय."

"डोकं फुटतंय दादा. गाडीतून आलं की असंच होतं. सकाळपर्यंत थांबतं. आईसाहेबांचंही तसंच. त्या तर गाडीत डुलक्याच घेतात, आणि उतरल्यावर उलटी."

"दुपारी काय जेवल्या होत्या?"

"सूप."

"आणखी?"

तिने डोळे मिटून घेतले. "तू काय शोधतोयस ते कळतंय मला. खाण्याने नाही होत हे. आत काहीतरी जड असतं. वासही येतो कधीकधी, जळक्या तेलासारखा. मग त्या अत्तर शिंपडतात आणि तो दबतो."

मग मात्र मी तिला सुनावलं. गिरणीत ज्या बायका दिवसभर कापसाचं पिंजण छातीत भरून घेतात त्यांना डोकेदुखी होत नाही, कारण त्यांना ती परवडत नाही. डोकेदुखी हा गादीचा रोग आहे. वर्षभर तू त्या घरात राहिलीस आणि त्यांचे रोग घेऊन आलीस. उद्या त्यांचे विचार घेऊन येशील. बोलता बोलता मला एक सुरेख वाक्य सुचलं, "ज्यांना काम नाही त्यांचं शरीरच त्यांना काम लावतं," आणि ते लिहून ठेवायला टेबलाकडे वळलो. मागे वळून पाहिलं तर ती झोपली होती.

माझं बोलणं चालू असताना ती यापूर्वी कधी झोपली नव्हती. वाद घालायची.

१० डिसेंबर

म्हातारीची रीतसर तक्रार: गाडीत वास येतो, गुंगी येते, मळमळतं. इस्त्रीने मला पाठवलं.

भोंग्याशेजारी बसून गाडी टेकडीवर नेली, उतरवली, पुन्हा नेली. मी प्रत्येक वळणावर नाक पुढे करून हुंगत होतो. नाकाचा शेंडा गारठून बधिर झाला, पण वास म्हणाल तर पाइन झाडांचा. वर थांबून मागची दारं सताड उघडली आणि डोकं आत घातलं. अत्तराचा भपकारा! शिवाय काचेजवळच्या छोट्या फुलदाणीत सुकलेली फुलं. त्या वासाने कुणाही धडधाकट माणसाला मळमळेल. मीच पायरीवर थुंकलो.

"आत बसून बघा की एकदा," भोंगा म्हणाला. "दारं लावून. मी चालवतो."

"मी तिथे बसत नाही."

"गादी चावते?"

"मला चावते."

"अहो, पण आजारी आत बसणारी माणसं पडताहेत, आणि तुम्ही औषध बाहेर शोधताय," तो बोंबलला. नवा कोट मिळाल्यापासून हा मालकिणीच्या बाजूने बोलतो. एका कोटात माणूस विकला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इस्त्रीला सांगितलं: गाडीत दोष नाही. अत्तर बंद करावं, आणि बाईंनी रोज थोडं चालावं. ते खूश झाले. "मालकांना मी हे जरा गोड करून कळवतो," म्हणाले.

त्याआधी बंगल्यावरून निघताना धाकटी दारात उभी होती. मीच म्हणालो, "गाडी उत्तम आहे." ती म्हणाली, "असेल," आणि कडी लावली.

१३ डिसेंबर

सभागृह खच्चून भरलं होतं. 'ऐषआरामाचे आजार'. गुंगी येणाऱ्या म्हातारीची नक्कल केली तेव्हा लोक बाकांवर हात आपटून हसले. पहिल्या रांगेतल्या छपाई कामगाराच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकटी आली नव्हती. डोकं दुखतंय असा निरोप होता.

१७ डिसेंबर

झालं तसं लिहितो.

सकाळी गाडी रेल्वेच्या फाटकाशी अडकली. पुढे मालगाडीचे डबे रुळांवरून घसरले होते. भोंग्याने इंजिन चालू ठेवलं, कारण बंद केलं तर पेटी गार होते, आणि या थंडीत पुन्हा हँडल मारायचं म्हणजे खांदा निखळतो. तो खाली उतरून दुसऱ्या ड्रायव्हरांशी बोलत उभा राहिला. फाटक उघडल्यावर परत येऊन बोलायच्या नळीत विचारलं, "निघू का?" उत्तर नाही. काचेतून पाहिलं तर दोघी झोपलेल्या. त्याला वाटलं, नेहमीसारख्या. मग त्याने पाहिलं की धाकटी स्टुलावरून घसरून तोंड जाळीवर टेकून पडली आहे.

म्हातारीने मळमळतंय म्हणून आपल्या बाजूची काच बोटभर खाली केली होती. ती तासाभरात शुद्धीवर आली. धाकटी अजून आलेली नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्यापेक्षा वयाने लहान. म्हणाली, "दार बंद करून शेगडीजवळ झोपलेल्या माणसांची अशी दशा होते. धूर चढलाय."

"गाडीत शेगडी नसते," मी म्हणालो. "तुम्हाला गाड्यांची माहिती नाही. बाईंचं अत्तर, वरून जड खाणं..."

"मग पाय कशाने शेकतात त्यांचे?"

मी म्हणालो, "पेटीने."

"आणि पेटी कशाने तापते?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग दुसऱ्या खाटेकडे गेली.

१८ डिसेंबर

भोंग्याला घेऊन बंगल्याच्या गॅरेजमध्ये गेलो. गाडी अंगणात काढून इंजिन चालू करायला लावलं आणि मी मागे बसलो. स्टुलावर. दारं लावून घेतली. भोंग्याला सांगितलं, माझी मान कलली की दार उघड.

आधी काहीच नाही. अत्तराचा शिळा वास, त्याखाली जळक्या तेलाचा, इतका पुसट की बाहेर आला असता तर कुणी मान वळवली नसती. पाय उबदार. मग कपाळावर कुणीतरी पट्टी आवळल्यासारखं वाटलं. मग, लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं. सगळं जग समजूतदार वाटायला लागलं. म्हातारी, इस्त्री, बँकवाला, सगळ्यांना माफ करावंसं वाटलं. एवढं आठवतं. नंतरचं आठवतं ते अंगणातल्या फरशीवर मी चार पायांवर ओकतोय आणि भोंगा माझ्या पाठीत गुद्दे घालतोय.

"भाषणराव! बोला काहीतरी! अहो, शिवी तरी द्या!"

पेटी खोलली. कोपऱ्यातल्या सांध्यावर केसासारखी बारीक चीर. लोखंड तापून फुगलं की ती उघडते, गार झालं की मिटते. थंड पेटीवर हात फिरवला तर लागतही नाही. चीर जुनी आहे, तिच्या काठावर काजळीचा थर बसलाय. म्हणजे धूर पहिल्यापासून आत येत होता. फळ्यांतून येणारा वारा त्याला तिथल्या तिथे बाहेर काढत होता.

पुढचं वाक्य लिहायला हवं. लिहितो. वारा मी बंद केला.

पण चीर मी पाडली नाही. चिरेची पेटी कारखान्याने विकली. हे दोन्ही लक्षात ठेवलं पाहिजे.

१९ डिसेंबर

धाकटीने डोळे उघडले. मला ओळखलं. "दादा" म्हणाली. मग पाण्याच्या भांड्याकडे बोट करून "ते... ते..." करत राहिली. मी म्हणालो, "भांडं?" तिने मान डोलावली आणि रडायला लागली. तिला रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीण म्हणते, काही शब्द हरवतात. बहुतेक परत येतात. सगळे येतीलच असं नाही.

२१ डिसेंबर

इस्त्रीने बोलावलं. टेबलावर मी कारखान्यात आणून ठेवलेली ती पेटी, स्वच्छ पुसलेली. काजळी गायब. म्हणाले, "दगड लागून ही चीर पडलेली दिसते. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा."

मी कोपऱ्यातल्या सांध्यावरून बोट फिरवलं. "काजळी कुणी पुसली?"

"काजळी? घाण होती ती."

"ती जुनी चीर होती. दगडाबिगडाचं नाव काढाल तर मी सभागृहात उभा राहून तुमची ही घडी सगळ्या शहरापुढे उलगडीन."

त्यांनी विजारीवरचा नसलेला धागा झटकला. "जरूर बोला. पण मग नमद्याचंही निघेल. मी तर तुमचं कौतुकच केलं होतं. लोकांना आठवण करून द्यावी लागेल, बाकी काही नाही."

असा माणूस! गोगलगायीच्या अंगावरही इतका बुळबुळीतपणा नसेल. मी दार आपटून बाहेर आलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं, त्यांच्या बोलण्याला उत्तर दिलेलंच नाही.

आजपासून बाकीच्या गाड्यांचा नमदा उपटतोय. पेट्याही बंद करतोय. मालक विचारतात, का? मी सांगतो, नमद्यात कीड होते. बँकवाला म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मला किड्यांची फार किळस आहे."

२४ डिसेंबर

शेवटच्या गाडीचा नमदा निघाला. आता कुणाला धोका नाही. म्हणजे जे करायचं ते मी केलं आहे. बाकी उरतं ते फक्त बोलणं.

२८ डिसेंबर

धाकटीला घरी आणलं. खाटेभोवतीची पुस्तकं भिंतीला लावली, तिला जागा झाली. शब्दांचं तसंच चाललंय. 'कंगवा' हवा असला की केसांतून बोटं फिरवते, मी शब्द दिला की तो झेलते, दोनतीनदा म्हणून पक्का करते. "कंगवा. कंगवा. आता जाणार नाहीस," असं त्या कंगव्यालाच सांगते. आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी.

दुपारी जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज. दार उघडलं तर म्हातारी. भोंग्याच्या दंडाला धरून तीन जिने चढून आलेली, ओठ निळे पडलेले. खुर्ची द्यावी लागली. ती धाकटीच्या खाटेशी बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "पोरी, माझ्यामुळे झालं गं हे. वारा लागतो, वारा लागतो म्हणून मीच हाकाटी केली. थोडा सोसला असता तर काय मेले असते?"

धाकटी तिच्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

भोंग्याचा आवाज आज जिन्याखालीही गेला नसता. जाताना एवढंच म्हणाला, "आईसाहेबांनी मला कामावर ठेवलंय. कारखान्यातून माझ्याबद्दल काहीबाही निरोप आला होता, त्यांनी तो फाडला."

मला या पश्चात्तापाची घृणा वाटते. जिन्यातून डोळे पुसत उतरायचं आणि खाली मऊ गादीवर बसायचं. यांचं दुःखसुद्धा चैनीचं असतं. म्हातारी खिडक्यांच्या काचा खाली करून गेली, हे मी वरून पाहिलं. शालीत गुरफटून थरथरत होती. नाटक.

३१ डिसेंबर

रविवारी सभा ठरली. विषय: 'रेशमी गाडीतला धूर'. भाषण लिहून काढलं. ते मी आजवर केलेल्या सगळ्या भाषणांत सरस आहे. कारखाना चिरेची पेटी विकतो, काजळी पुसतो, ड्रायव्हरवर ढकलतो. एक शब्द खोटा नाही.

धाकटीला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत जागी होती. मग म्हणाली, "दादा, आणि तू दाराला लावलंस ते?"

मी तिला समजावलं. भाषणात एकच शत्रू असावा लागतो. दोन उभे केले की लोकांचा राग वाटला जातो, आणि वाटलेल्या रागाने काही पेटत नाही. नमद्याचं काढलं की इस्त्री त्याच्याआड लपेल आणि चिरेची पेटी सुटेल. हे डावपेच आहेत, लपवालपवी नव्हे.

"तू लावलंस," ती म्हणाली. तिच्याकडे सध्या शब्द कमी आहेत, त्यामुळे ती तेच तेच बोलते.

३ जानेवारी, रविवार

सभेहून आत्ताच आलो. उन्हं अजून आहेत.

लोक दारांपर्यंत उभे होते. मी इस्त्रीचं नाव न घेता विजारीची घडी हाताने दाखवली, तेव्हा छत उडेल असा हशा झाला. मग धाकटीकडे हात केला. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. म्हणालो, "ही माझी बहीण. हिचे शब्द त्या पेटीने जाळले." पुरुष रडत होते. शेवटच्या वाक्यानंतर टाळ्या थांबेनात.

आणि टाळ्या थांबल्यावर धाकटी उभी राहिली.

असं काही ठरलेलं नव्हतं. तिने बाकाची पाठ घट्ट धरली होती. म्हणाली, "एक राहिलं." सगळं सभागृह तिच्याकडे वळलं. "वारा यायचा. म्हणून आम्ही वाचत होतो. मग दाराला... फळ्यांना... ते लावलं. ते..." ती थांबली. तिचा हात हवेत काहीतरी दाबत होता, चिमटीत धरून कडेला बसवत होता. "ते... दादा..."

तिने माझ्याकडे पाहिलं. घरी पाहते तसं. कंगव्यासाठी पाहते तसं.

लोक वाट बघत होते. भोंगा मागे भिंतीला टेकून उभा होता, तोही माझ्याकडेच बघत होता. मी मंचावरून उतरलो, तिच्याजवळ गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणालो, "माझी बहीण दमली आहे."

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षाही जास्त. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. ती त्या मिठ्यांतून बाहेर बघत राहिली.

ती खरोखरच दमली होती. चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरीणबाईंनी ताण नको म्हणून सांगितलं आहे. कुणीही भाऊ हेच करेल.

घरी आल्यावर मी चहा केला, तिला विचारलं काही हवंय का. नाही म्हणाली. तो शब्द काय होता हेही तिने विचारलं नाही, आणि मी होऊन विषय काढला नाही. पलीकडच्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं. एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येणार आहे."

आता तिचा आवाज येतोय. एकेक शब्द उचलून बघते आहे, नाही पटला की ठेवून देते. कापूस. कापूस नाही. चादर. सतरंजी. लोकर. लोकरीचं. घोंगडी. घोंगडी नाही, जाड. कांबळं.

मी इथे लेखणी धरून बसलो आहे. ती फार जवळ आली आहे.